ऐनवेळचा विषय

बंगळूर, ३ ऑगस्ट २०२५

दामिनीताई,

पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडू नको. माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस, म्हणून कागदावर आलो. नागपूरला लकडगंजात तू काम करतेस त्या दुकानाचा पत्ता आईनं दिला. तिच्यावर चिडू नको, मी तीन दिवस तिचं डोकं खाल्लं तेव्हा दिला.

मी बरा आहे. खोली बदलली, ही चौथी. इथं खिडकी आहे, पण खिडकीतून दुसऱ्याची भिंत दिसते. नोकरी मात्र तीच, अकरा महिने झाले. माझ्या मानानं हा विक्रमच समज. आधी गोदामात खोकी बांधत होतो, आता वेबसाइटचं काम पाहतो. ऑफिसात सगळे इंजिनिअर. कोणी शिक्षण विचारलं की मी चहा आणायला उठतो.

काम सांगतो. जानेवारीत नागपूरला एक संमेलन आहे, मिहानकडच्या एका कॉलेजात. कवींचं नाही. ते फुकट मिळणारं वेब ॲप्लिकेशन आहे ना, ज्यावर आपण गावच्या सहकारी संस्थेची साइट उभी केली होती, त्याला जोडायचे तुकडे बनवणाऱ्यांचं. तुला माहीत आहे त्याला मॉड्यूल म्हणतात. बाबांना मी तेव्हा समजावलं होतं की ट्रॅक्टर एकच, मागे वखर लावा, ट्रॉली लावा, पेरणीयंत्र लावा. बाबा म्हणाले होते, "मंग तू ट्रॅक्टर काहून नाई बनवत?" तर अशी माणसं देशभरातून येतात अन् ज्यानं काही बनवलं तो स्टेजवर उभा राहून कसं बनवलं ते सांगतो. पण तसं कोणी उठून बोलू शकत नाही. आधी प्रस्ताव पाठवावा लागतो. फॉर्म आहे. विषय काय, तीनशे शब्दांत काय सांगणार, ऐकणाऱ्याला काय मिळणार, तुम्ही कोण. समिती वाचते अन् दोनशेतले तीस ठेवते.

मला आपल्या 'नंबर' मॉड्यूलवर बोलायचं आहे. शेतकऱ्यानं तुझ्याकडे नाव द्यायचं, तू ते भरायचं, त्याच्या मोबाईलवर नंबर अन् तारीख यायची, त्याच दिवशी धानाची ट्रॉली संस्थेच्या खरेदी केंद्रावर आणायची. गेटावर चार-चार दिवस लाइन नको, म्हणून आपण दोघांनी केलेलं. मागाहून मी त्यात दुरुस्ती करून सगळ्यांसाठी टाकलं, आता अकरा ठिकाणी चालते. ही नोकरीही त्याच्यावरच मिळाली.

फॉर्मात दुसऱ्या वक्त्याचा रकाना आहे. तिथं तुझं नाव टाकलं आहे. पण दुसऱ्यानं स्वतः हो म्हटल्याशिवाय नाव चढत नाही. तुझ्या मेलवर एक निरोप आला असेल, त्यात 'स्वीकार' लिहिलेलं आहे. त्याच्यावर फक्त दाबायचं. शेवटची तारीख ३० सप्टेंबर.

संस्थेनं तुला कामावरून काढलं त्याचं वाईट वाटलं. तेव्हा बोललो नाही, आता लिहितो. त्या मोसमात सगळीकडेच थोडाफार गोंधळ झाला होता.

एकदा दाबायचं आहे फक्त.

प्रेमा


बंगळूर, १९ ऑगस्ट

ताई,

तुझं काही आलं नाही. पोस्टाचा दोष असेल असं मी आठ दिवस धरून चाललो. मग पावतीवरचा नंबर पोस्टाच्या साइटवर टाकून पाहिलं, पत्र ७ तारखेलाच पोचलेलं.

प्रस्तावाचा कच्चा मसुदा पाठवला होता. नवीन माणसांसाठी समितीतलं कोणीतरी तो आधी वाचून देते. माझ्या वाट्याला चिन्मयी नावाच्या बाई आल्या. नागपूरच्याच, पण एकदम शुद्ध बोलतात. फोनवर मी दोनदा "हौ" म्हटलं अन् जीभ चावली.

मी लिहिलं होतं की या मॉड्यूलमुळे धान खरेदी केंद्रावरची गर्दी कमी झाली, सुरुवातीला काही वापरकर्त्यांना अडचण आली, नंतर सुधारणा केल्या.

त्या म्हणाल्या, "काही म्हणजे किती?"

मी म्हटलं, "एकतीस."

"अडचण म्हणजे?"

"त्यांचे नंबर निघून गेले."

"निघून गेले म्हणजे कुठे गेले? आपोआप?"

मी म्हटलं, तसंच काहीसं. मग म्हणाल्या, "प्रेमानंद, राग मानू नका. हे सगळं तुम्ही दुसऱ्या कोणाची चूक लांबून बघत होतात असं लिहिलंय. मॉड्यूल कसं बनवायचं हे सांगणारे चाळीस प्रस्ताव आहेत माझ्याकडे. एकतीस नावं कशी गेली हे सांगणारा एकही नाही. तो तुम्ही लिहा."

मी बरं म्हटलं. फोन ठेवला अन् बाहेर पडून चालत सुटलो, बस पकडायची आठवणच राहिली नाही. तुला माहीत आहे, मला बसून विचार करता येत नाही.

रविवारी दुसरा मसुदा लिहिला. जेवढा झाला तेवढा तुला सांगतो, चुकलं तर सांग. डिसेंबर २०२३. रामटेकजवळच्या आमच्या गावी संस्थेचं खरेदी केंद्र. दोनशे चौदा शेतकऱ्यांची नोंद. मॉड्यूल दर संध्याकाळी दुहेरी नोंदी शोधून काढून टाकायचं. ११ तारखेला सकाळी एकतीस जण ट्रॉल्या घेऊन आले तेव्हा यादीत त्यांचं नावच नव्हतं. दोन दिवस गेटाबाहेर उभे राहिले. दुसऱ्या दिवशी अवकाळी पाऊस आला. त्यांच्या शिव्या काउंटरवर बसलेल्या ऑपरेटरनं खाल्ल्या. ऑपरेटर माझी बहीण.

नोंदी भरताना एकच मोबाईल अनेक नावांपुढे भरला गेल्यानं हे घडलं, असं पुढं लिहिलं आहे.

हे शेवटचं वाक्य बरोबर आहे ना? म्हणजे खोटं तर नाही.

आई म्हणते तू दिवाळीपर्यंत गावी येणार नाही. मीही दोन वर्षं गेलो नाही, तेव्हा मी काय बोलणार.

प्रेमा


बंगळूर, २ सप्टेंबर

ताई,

ते शेवटचं वाक्य मी खोडलं. काहून खोडलं ते लिहितो. हे पत्र मोठं होईल. दुकानात वाचू नको, घरी नेऊन वाच.

चिन्मयीबाईंनी त्या वाक्याखाली रेघ मारून विचारलं होतं, "एकच मोबाईल अनेक नावांपुढे का होता?" एवढंच. मला वाटलं सोपा प्रश्न आहे, एका ओळीत उत्तर देऊ. लिहायला बसलो अन् ते एका ओळीत मावेना.

होता कारण एकच होता. ढोमण्यांचे चार भाऊ, चौघांचे सातबारे वेगळे, पण मेसेज वाचता येणारा त्यांच्यात एकटा गोविंदा. चौघांनीही गोविंदाचा नंबर दिला. रुखमाबाईकडे फोन नाही, तिनं भाच्याचा दिला. आपल्याकडे ज्याला वाचता येते त्याचा नंबर सगळ्यांचा नंबर असतो. हे मला माहीत नव्हतं का? आपल्याच घरी गॅस, रेशन, माझी शाळा, तुझं एमएससीआयटी, सगळ्या कागदांवर बाबांचा एकच नंबर होता. मी त्या घरात जेवून मोठा झालो अन् मॉड्यूल लिहिताना मोबाईल म्हणजे माणूस असं धरलं, तोच मोबाईल पुन्हा दिसला की नोंद दुहेरी समजून काढायची. व्हिडिओत एका माणसानं तसं शिकवलं होतं. त्याच्या शहरात तसंच असेल. मला वाटलं, तो इंग्रजीत सांगून राहिला म्हणजे बरोबरच सांगत असेल.

अन् तू विचारलं होतं. ऑक्टोबरात, आपण संस्थेच्या मागच्या खोलीत तपासत होतो तेव्हा. तू वहीत नावं लिहून बसली होतीस. म्हणालीस, "प्रेम्या, हे चारही जण एकाच नंबरवर येतीन. चालन का तुया मशीनले?" माझ्या कानात इअरफोन होता. मी म्हटलं, "चालते वं." ऐकलंच नव्हतं मी. तू पुन्हा विचारलं नाहीस, कारण तुला वाटलं हा शिकलेला आहे.

इथपर्यंतचं तुला माहीत आहे. पुढचं नाही.

११ तारखेला दुपारी मी कोड उघडला. दहा मिनिटांत समजलं. चूक दिसली, ओळ दिसली, मी लिहिलेली. तेवढ्यात सचिव मारोतराव आले. बाहेर लोक गेट हलवत होते. त्यांनी मला गोदामाच्या बाजूला नेलं.

"काय झालं बे पोट्ट्या? मशीन चुकली का माणूस?"

मी म्हटलं, "मशीन बरोबर हाय काका. भरणाऱ्यानं एकच नंबर चारदा भरला."

शब्दाला शब्द हेच म्हटलं. भरणाऱ्यानं. भरणारी तू एकटीच होतीस, तेही त्यांना माहीत होतं, मलाही.

ते खोटं नव्हतं, म्हणूनच तोंडातून इतकं सहज निघालं. मारोतरावांनी तुला १३ तारखेला काढलं. तू घरी आलीस, बाबा म्हणाले, "पोरीनं साऱ्या गावासमोर मान खाली घालाले लावली." मी तिथंच बसून जेवत होतो. ताटातला भात संपवला. १४ ला मी बंगळूरची गाडी पकडली. नोकरी लागली म्हणून सांगितलं. नोकरी नव्हती लागली.

तुला आतापर्यंत वाटत असेल की मारोतरावांनी दोष तुझ्यावर टाकला अन् मी भावाच्या नात्यानं मधे पडलो नाही, गप्प राहिलो. मी गप्प राहिलो नव्हतो. बोललो होतो.

अजून एक आहे. मी गेल्यावर आठ दिवसांनी तुझा आवाजी मेसेज आला होता. तू भांडली नाहीस. म्हणालीस, "मोबाईल नको पाहू. सातबाऱ्यावरचं खातं पाय. नंबर एकाचा असला तरी खातं आपापलं राह्यते." त्यानंतर तू मला बंद केलं. मी मॉड्यूल तसंच दुरुस्त केलं. अकरा ठिकाणी जे चालून राहिलं ते तुझं वाक्य आहे. बनवणारा म्हणून नाव फक्त माझं आहे.

हे मी फॉर्मात लिहू का? तू नको म्हटलं तर प्रस्ताव मागे घेतो. हो म्हटलं तरच पाठवीन. समिती काय म्हणते ते नंतर, आधी तुझं पाहिजे.

प्रेमानंद


बंगळूर, १८ सप्टेंबर

ताई,

तुझं पत्र गेल्या शुक्रवारी मिळालं. वहीचं अर्धं पान. उभ्यानंच वाचलं. मग खोलीवर आलो अन् पुन्हा वाचलं, तेव्हाही तेवढंच होतं.

"प्रेम्या, भाषणात मायं नाव टाकाची परवानगी मागून राहिला. मायं नाव गावातल्या गेटावर पडून हाय. थे पहिले उचलून आण. मंग पाहू. तुया मेल मी उघडला नाई. अन् रुखमाबाईच्या धानाले पाण्यानं कोंब आले होते, तिनं थे गुरांले घातलं. तुया तीनशे शब्दांत हाय का हे?"

नव्हतं. मला माहीतच नव्हतं, मी तर गाडीत होतो.

लगेच आईला फोन केला. ती म्हणाली संस्थेची आमसभा २८ तारखेला आहे, रविवारी, नोटीस आली. फोटो पाठव म्हटलं. आठ विषय छापलेले, अहवाल वाचणे, नफा वाटणी वगैरे. नववा विषय, "मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय." मला तोच पाहिजे होता.

मारोतरावांना फोन लावला. दोन वर्षांत पहिल्यांदा.

"सभेत बोलाचं हाय काका मले."

"तू सभासद हायस का?"

"नाई."

"मंग कसा बोलशीन? तुये बाबा चंपतराव सभासद हायत, त्याईच्या नावानं अर्ज दे. लेखी. आठ दिवस आधी."

"ऐनवेळचा विषय, अन् आठ दिवस आधी?"

"हौ. नियम हाय तसा. विषय काय हाय पण?"

मी म्हटलं अर्जात लिहितो. म्हटलं अन् फसलो. संमेलनाचा तीनशे शब्दांचा प्रस्ताव मी एका रविवारी लिहिला होता. हा अर्ज सहा ओळींचा, चार दिवस लागले. तिकडं वाचणारे मला ओळखत नाहीत, इथं सगळे माझ्या मुंजीचं, म्हणजे मुंज झाली नाही आपली, पण माझ्या बारशाचं जेवलेले. शेवटी असा झाला, पाहून घे:

"मा. अध्यक्ष यांस. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रावरील ३१ शेतकऱ्यांचे नंबर रद्द झाले. ती चूक नंबर देणाऱ्या प्रोग्रामची होती. तो माझा मुलगा प्रेमानंद याने बनविला होता. त्याने ती चूक लपवून ऑपरेटरवर टाकली. याबाबत त्यास सभेपुढे सांगायचे आहे. तरी परवानगी मिळावी. अर्जदार, चंपतराव."

माझा मुलगा, असं लिहावं लागलं, कारण अर्ज बाबांचा. अन् खाली सही बाबांची.

आईच्या फोनवर पाठवला. तिनं रामटेकला जाऊन छापून आणला. संध्याकाळी फोन स्पीकरवर ठेवला अन् बाबांसमोर धरला. बाबा म्हणाले, "वाचून दाखव." मी इथून वाचला.

मग बाबा म्हणाले, "तू जेवत होता त्या दिवशी."

मी म्हटलं, "हौ."

"मी पोरीले बोलून राहिलो होतो, अन् तू जेवत होता."

"हौ बाबा."

मग आईला म्हणाले, "सई कुठं कराची थे दाखव."

तुला हे लिहू नये का ते मला कळेना. पण आता लपवायचं नाही ठरवलं, तर हेही आलं.

२७ ला निघतो. सुटी मागितली तर साहेब म्हणाले लग्न आहे का? मी म्हटलं, आमसभा. त्यांना समजलं नाही. इथल्या कोणालाच आमसभा समजत नाही.

प्रेमा


गाडीतून, ३० सप्टेंबर

ताई,

दसरा परवा आहे, त्यामुळे नागपूरकडे येणाऱ्या सगळ्या गाड्या भरून वाहून राहिल्या अन् माझी उलट्या दिशेची निम्मी रिकामी. खिडकी मिळाली. अक्षर हलते, समजून घे.

काल तुझ्या काउंटरवर दिवाळीआधीची गर्दी होती. प्लायवूडच्या पाट्या, हमाल, त्यात मी. तुला सभेतलं नीट सांगताच आलं नाही. तू विचारलं नाहीस, मी बोललो नाही. म्हणून आता लिहितो.

नववा विषय आला तेव्हा लोक उठत होते, बाहेर पोहे आले होते. मारोतरावांनी अर्ज वाचला. अर्धे दारात थबकले, काही परत येऊन बसले. माईक खरखरत होता, मी बाजूला ठेवला. ऑफिसात मला मिटिंगमध्ये बोलताना घाम येतो, इथं आला नाही. काय झालं, कोणत्या ओळीनं झालं, तू ऑक्टोबरात काय विचारलं होतं, मारोतरावांनी काय विचारलं अन् मी काय सांगितलं, सगळं ओळीनं सांगितलं. ट्रॅक्टर, वखर काही आणलं नाही. साधंच सांगितलं की चार भावांचा एक फोन असतो हे मी विसरलो.

रुखमाबाई पुढच्या रांगेत होती. उभी राहिली.

"म्हंजे आमचे नंबर पाडले कोनं?"

"मी."

"पोरीनं नाई?"

"नाई मावशी. तिनं तर मले आधी टोकलं होतं."

"मंग दोन वरसं आमी तिले काहून बोलत होतो?"

"माया सांगण्यावरून."

मागून गोविंदा ढोमणे म्हणाला, "आता यालेच बोला मंग, सामनेच उभा हाय, बंगळूरले कायले जाता?" लोक हसले. हसले तेव्हा मला वाटलं सुटलो. पण रुखमाबाई हसली नव्हती. ती माझ्याकडं पाहत होती. मी तिला धानाबद्दल विचारलं, पोते किती होते. अठरा म्हणाली. "कोंब आलेलं गुरंही दोन दिवस तोंड लावत नाईत, तुले माईत हाय का?" मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मंग थेही सांगजो तुया नागपुरातल्या लोकाईले." तिला कोणी संमेलनाचं सांगितलं कोण जाणे. आईच असणार.

इतिवृत्त लिहिताना भांडण झालं. मारोतराव लिहू लागले, "तांत्रिक कारणामुळे नोंदी रद्द झाल्याचा खुलासा करण्यात आला." मी म्हटलं, असं नको. ते म्हणाले, "पद्धत असते बाबू लिवाची." तर बाबा उठले. बाबा सभेत कधी बोलत नाहीत, तुला माहीत आहे, पोहे खाऊन येतात. म्हणाले, "अर्जदार मी हाय. पोरीचं नाव लिवा." मग तिथंच खोडून लिहिलं, की चूक प्रेमानंदची, दामिनीचा दोष नव्हता. जे लिहिलं ते, बाबांचा अर्ज जोडून, शिक्का मारून काल तुला दिलं.

तू ते दोन बिलांच्या मधे वाचलं. मी तुझ्या तोंडाकडं पाहत होतो, पण गिऱ्हाईक मधे आलं. मग तू अर्जाखालची सही पाहिली.

"बाबानं सई केली?"

"हौ."

"वाचून?"

"मी वाचून दाखवलं. फोनवर."

तू कागद घडी करून पर्समध्ये ठेवला, गल्ल्यात नाही. मारोतरावांचा निरोप मी सांगितला, की पोरीला म्हणा नोव्हेंबरपासून परत ये, जागा आहे. तू बिल छापता छापता म्हणालीस, "त्याईले सांगजो, प्लायवूड बरं. याले कोंब नाई येत." बाजूचा हमाल हसला, त्याला काहीच माहीत नसताना. मीही हसलो. मग म्हणालीस की खरंच नाही जाणार, इथं खोली आहे, मैत्रीण सोनिका आहे, मालक बरे आहेत, अन् त्या गेटासमोर आता कोणी चांगलं बोललं तरी तुला तेच आठवेल. मी आग्रह केला नाही. करायला पाहिजे होता का? मला वाटलं नाही.

फॉर्म दाखव म्हणालीस. मी फोन दिला. तुझ्या एका हातात स्कॅनर अन् दुसऱ्यात माझा फोन. नवा मजकूर पूर्ण वाचलास, एकतीस, कोंब, खातं, भरणाऱ्यानं, सगळं. नावांच्या रकान्यावर थांबलीस.

"दुसरा वक्ता. दुसरी काहून मी?"

"फॉर्म भरणारा पहिला असते."

"बदलते का थे?"

"बदलते."

"मंग बदलव. अन् हे पंचवीस मिनिटं कायले?"

"पंचवीस अन् पंचेचाळीस, दोनच हाय. नवीन माणूस पंचवीसच मागते वं. जास्त मागितलं तर घेत नाईत."

"पंचवीस मिनिटांत तर एकतीस घरं सांगूनही होत नाईत. पंचेचाळीस कर." अन् फोन परत देऊन पुढच्या माणसाला म्हणालीस, "हं, तुमचं काय होतं दादा, अठरा एमएम?"

मी बाहेर आलो. दुकानासमोर लाकडाच्या ट्रकवर चढून दोघं दोर सोडत होते, ते पाहत अर्धा तास उभा राहिलो. मला एका जागी इतका वेळ उभं राहता येते हे माहीत नव्हतं. तू आतून पाहिलंस का, ते मला दिसलं नाही.

बदल केले अन् पाठवलं. आधी चिन्मयीबाईंना फोन करून विचारलं, नावांचा क्रम असा बदलला तर चालेल ना. त्या म्हणाल्या, "चालेल की. पण दामिनी म्हणजे याच का, 'सातबाऱ्यावरचं खातं पाहा' म्हणणाऱ्या?" मी म्हटलं याच. म्हणाल्या, "मग मला यांनाच ऐकायचंय." हे मी बनवून लिहीत नाही. समिती घेईल की नाही ते नोव्हेंबरात कळेल, एकट्या बाईंच्या हातात नाही ते. नाही घेतलं तरी इतिवृत्त बदलत नाही.

मघाशी बल्लारशा गेल्यावर सिग्नल आला अन् मेल आला. सकाळी ९ वाजून ४० मिनिटांनी पहिल्या वक्त्यानं स्वीकार केला, असं त्यात आहे. म्हणजे तू दुकान उघडल्या उघडल्या दाबलंस.

तू स्वीकारल्यावर शेवटचा एक रकाना उघडला आहे, आज रात्री बंद होण्याआधी भरायचा. दोन वक्ते असले तर कोण किती मिनिटं बोलणार, ते विचारतात. मी लिहून टाकलं: दामिनी चाळीस, प्रेमानंद पाच. मला पाच पुष्कळ झाले. माझ्या वाट्याचं मी रविवारी बोललो.

प्रेमा